पाडव्याला पेरलेला चिया

2023 सालचा पाडवा 22 मार्चला आला होता. सकाळी गुढी उभारली, नैवेद्य झाला आणि मी गच्चीवर जाऊन चार कुंड्यांत चिया पेरला. नवीन काही सुरू करायचं तर पाडव्यासारखा दिवस नाही, हे लहानपणापासून मनात बसलेलं. बी खायला आणलेल्या पाकिटातलंच होतं. चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. जून लागेपर्यंत रोपं कमरेला आली, ऑगस्टात माझ्या डोक्यावरून गेली. खोड अंगठ्याएवढं जाड आणि चौकोनी, पानांचे काठ करवतीसारखे. फूल मात्र एकही नाही.

मी काय काय करून पाहिलं. शेणखत वाढवलं. मग वाटलं नत्र जास्त झालं असेल, म्हणून खत बंद केलं. शेंडे खुडले. कुंड्या पूर्वेच्या कठड्याला हलवल्या. जुलैच्या वाऱ्यात दोन रोपं मधोमध मोडली, त्यांना काठ्या बांधल्या. गच्चीवर वाळवणाला येणाऱ्या शेजारच्या काकू दर वेळी विचारायच्या, "ही तुळशीतली कुठली जात गं?" तुळशीच्या घरातलीच आहे, एवढं मी सांगायचे. ते खरंही आहे. पण तुळस मंजिऱ्यांनी लगडलेली आणि शेजारी हे सहा फुटांचं वांझ रान, हे बघवत नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता मी बाबांना व्हिडिओ कॉलवर रोपं दाखवली. ते वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात शेती करतात. त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं आणि विचारलं, "पेरा कधीचा हाये?" पाडव्याचा, म्हटलं.

"मंग बरोबर हाये. तवा दिवस मोठे होत होते ना बाई. आपलं सोयाबीन नाही का, उशिरा पेरलं तर गुडघ्याएवढंच राहते, पण फुलावर यायचं त्या टायमाले येतेच. तुह्या झाडाचा टाइम अजून झाला नाही. थांब थोडी."

12 ऑक्टोबरला पहिल्या शेंड्यात पानांच्या बेचक्यातून हिरवी मंजिरी डोकावली. महिनाअखेर एक कुंडी सोडून बाकी सगळ्या रोपांवर निळसर जांभळी फुलं होती. बाबांनी चियाचं रोप तोवर प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. आयुष्यभर सोयाबीन आणि तूर पाहिलेल्या माणसाने फोनच्या पडद्यावरून ते ओळखलं.

चिया लहान दिवसाचं पीक आहे. दिवस साधारण बारा तासांवर उतरला की त्याच्यात फुलाची तयारी सुरू होते, त्याआधी कितीही खत-पाणी घाला, ते फक्त वाढत राहतं. खरं तर ते मोजतं ती रात्र. अखंड अंधार किती तास मिळाला, हे पानातलं एक रंगद्रव्य टिपत असतं. पुण्यात 21 जूनला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि सप्टेंबर सरता सरता तो बारावर येतो. मी पेरला तो दिवस नेमका विषुवदिनानंतरचा, म्हणजे दिवस बारा तासांच्या वर गेलेला आणि अजून वाढतच असलेला. मुहूर्त माझा होता, रोपाचा नव्हता.

याचा पुरावा मला गच्चीवरच मिळाला. चारातली एक कुंडी पाण्याच्या टाकीजवळ होती आणि टाकीवर सोसायटीचा मोठा दिवा रात्रभर जळतो. बाकी तिन्ही कुंड्या फुलल्या तरी ही हिरवीगारच. दिव्याच्या उजेडाने तिची रात्र तुटत होती. मी ती जिन्याच्या मागच्या अंधारात सरकवली, तेव्हा कुठे नोव्हेंबरच्या मध्यावर तिला मंजिऱ्या लागल्या. माझ्या हातभर अंतरावर घडलेली ही गोष्ट मी कधी विसरणार नाही.

मला सगळ्यात वाईट याचं वाटलं, की हे मला आधी सांगितलेलं होतं. शब्दांत सांगितलेलं होतं, आणि मी ते एक म्हण म्हणून ऐकून घेतलं होतं.

2018 ते 2021 आम्ही मेक्सिकोत ग्वादालाहाराला राहत होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. शेजारी एक आजी होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मी त्यांना 'सेन्योरा' म्हणायचे आणि त्या मला 'मिहा', म्हणजे 'माझी लेक'. त्या हालिस्को राज्याच्या डोंगराळ भागातल्या, आकातिक गावाच्या जवळच्या. आकातिक हे मेक्सिकोतलं चियाचं मोठं गाव. त्यांचे वडील मक्याच्या शेतात कडेने चिया पेरत. कधी पेरायचा, असं मी एकदा सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सान हुआन झाल्यावर." सान हुआन म्हणजे 24 जूनचा संत जॉनचा दिवस. तिकडे पावसाळ्याची सुरुवात त्या दिवसाच्या आसपास धरतात, जशी आपल्याकडे मृगाची. मला वाटलं, पावसाशी संबंध असेल. पावसाशी आहेच, पण तेवढाच नाही. 21 जूनला दिवस सगळ्यात मोठा असतो, सान हुआन त्याच्या तीन दिवसांनी येतो. म्हणजे दिवस कलायला लागल्यावर पेरा. रोप पावसावर वाढतं, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात फुलतं आणि पाऊस थांबल्यावर कोरड्या हवेत बी पिकतं. घड्याळ नसलेल्या शेतकऱ्यांनी प्रकाशाचं गणित एका संताच्या सणाला बांधून ठेवलं होतं. आणि ग्वादालाहारा, आकातिक आणि आमचं वाशीम ही तिन्ही ठिकाणं वीस आणि एकवीस अक्षांशांच्या मधलीच. दिवसाची लांबी तिथे आणि इथे जवळजवळ सारखीच. मला आणखी काय पुरावा हवा होता?

आजींच्या घरातली दुसरी एक आठवण यापेक्षा खोल रुतलेली आहे.

12 एप्रिल 2019, शुक्रवार. ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या आधीचा शुक्रवार तिकडे येशूच्या दुःखी मातेचा, म्हणजे 'दोलोरेस'चा असतो. त्याच्या दहा-बारा दिवस आधी आजी मला घेऊन तोनालाच्या बाजारात गेल्या. तोनाला हे कुंभारांचं गाव, गुरुवारी आणि रविवारी रस्ताभर बाजार भरतो. तिथून त्यांनी भाजक्या मातीच्या तीन छोट्या मेंढ्या घेतल्या. आत पोकळ, पाठीत भोक, अंगावर बारीक खाचा. घरी आल्यावर मेंढ्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या. एका वाटीत दोन चमचे चिया आणि थोडं पाणी. सकाळी त्याचा दाट, बुळबुळीत गोळा झाला होता. आजींनी तो बोटाने उचलून मेंढीच्या अंगावर लिंपला, खाचांमध्ये दाबून बसवला. कान आणि तोंड मोकळं सोडलं. मला वाटलं हे सगळं घसरून खाली येणार. एक दाणाही घसरला नाही. पोटात पाणी भरलं, मेंढी ताटलीत ठेवली. पाणी मातीतून झिरपून बाहेर येतं आणि बी ओलं राहतं. रोज सकाळी आजी फक्त पोटात पाणी घालायच्या. चौथ्या दिवशी मेंढीच्या अंगावर पांढरे कोंब, आठव्या दिवशी हिरवी लोकर.

मग देवघर मांडलं. जांभळं कापड, कातरलेले जांभळे-पांढरे कागद, काचेच्या भांड्यांत रंगीत पाणी, कडू संत्री आणि त्यांत खोचलेल्या सोनेरी कागदाच्या बारीक पताका, अंधारात उगवून पिवळे पडलेले गव्हाचे कोंब, मेणबत्त्या आणि पुढे या मेंढ्या. संध्याकाळी दार उघडं. येणारा-जाणारा दारात उभा राहून विचारतो, "माउली रडली का?" आतून उत्तर येतं, "हो, रडली." आणि त्याच्या हातात थंड सरबताचा पेला देतात. ते माउलीचे अश्रू. आजींकडे लिंबाचं सरबत होतं आणि त्यात फुगलेला चिया.

त्या वर्षी 6 एप्रिलला पाडवा होता, म्हणजे पुण्यात घरोघरी चैत्रगौर बसलेली. मी सासूबाईंना फोनवर ते देवघर दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर गौरच मांडलीय!" आमच्या सासूबाई गौरीच्या आराशीत पालथ्या मडक्यावर ओला कापूस गुंडाळून त्यावर हळीव पेरतात. तो हिरवा डोंगर होतो. खेळणी, फळं, कलिंगडाची कमळं मांडतात, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं देतात. अर्थ अगदी वेगळा आहे. तिथे मुलाच्या मरणाने व्याकुळ झालेली आई, इथे महिनाभर माहेरी आलेली लेक. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाही. पण एकाच उन्हाळ्याच्या तोंडावर, दोन टोकांच्या दोन घरांत बायका मातीच्या भांड्यावर बुळबुळीत बी उगवतात आणि दारी आलेल्याला आंबट-गोड थंड पेय देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या रात्री मला परदेशात असल्यासारखं वाटलं नाही.

तो बुळबुळीतपणा हे चियाचं मर्म आहे. दाण्याच्या सालीत अतिशय बारीक तंतू गुंडाळलेले असतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि दाण्याभोवती पारदर्शक कवच धरतात. दाणा आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरून ठेवतो. हे आपल्या सरबतासाठी नाही, रोपाच्या स्वतःच्या कामाचं आहे. कोरड्या मुलखात एक सर येऊन गेली, तर त्या सरीतलं पाणी दाण्याला चिकटून राहावं, दाणा मातीला चिकटावा आणि कोंब तग धरावा. मेंढीच्या अंगावर तो टिकतो तो याच गुणामुळे. हळीव, सब्जा, जवस, इसबगोल ही सगळी याच युक्तीची मंडळी.

इथे सब्जाविषयी लिहायलाच हवं, कारण दहातल्या आठ जणी मला विचारतात, "चिया म्हणजे सब्जाच ना?" नाही. सब्जा हे तुळशीच्या एका भावंडाचं बी. चिया हे साल्व्हियाचं बी. घराणं एक, माणसं वेगळी. सब्जा काळा कुळकुळीत, एकरंगी असतो, पाण्यात टाकल्यावर दोन-चार मिनिटांत फुगतो आणि भोवती निळसर पांढरं वलय धरतो. चियाचा दाणा करडा, त्यावर नक्षी असते. भिंगातून पाहा, एकासारखा दुसरा नसतो. तो फुगायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. पांढऱ्या दाण्याचाही चिया असतो, त्याला फुलंही पांढरी येतात. आणि दोन्ही कोरडे तोंडात टाकून वरून पाणी पिऊ नका. चिया अन्ननलिकेत फुगून अडकल्याचं प्रकरण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये मांडलं होतं. आधी भिजवायचा, मग खायचा, एवढं सोपं आहे.

त्याचं शास्त्रीय नाव मला कायम खटकतं. 1753 मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला साल्व्हिया हिस्पानिका म्हटलं, हिस्पानिका म्हणजे स्पेनचा. स्पेनमध्ये तो बाहेरून नेलेला होता. त्याचं घर मेक्सिको आणि ग्वातेमाला. 'चिया' हा शब्दही तिथल्या नाउआत्ल भाषेतला, 'चियान'वरून आलेला, म्हणजे तेलकट. मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास नावाचं राज्य आहे, त्याच्या नावातही हाच दाणा सांगतात. तेनोच्तित्लान या अझटेक राजधानीच्या राजांना जिंकलेल्या प्रदेशांकडून जी खंडणी यायची, तिची चित्रं 1541च्या सुमाराला तयार केलेल्या मेंदोसा पोथीत आहेत. ही पोथी आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पिसं, कापडं, जेडचे मणी यांच्याबरोबर धान्याच्या कणग्या काढलेल्या आहेत, मका, घेवडा, राजगिरा आणि चिया. म्हणजे चिया तिथे राजाच्या कोठारातलं धान्य होतं, चिमूटभर शिंपडायची गोष्ट नव्हती. सहागून नावाच्या धर्मगुरूने सोळाव्या शतकात नाउआत्ल बोलणाऱ्या जाणत्यांकडून माहिती घेऊन बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाजारात चिया विकणाऱ्यांचं वर्णन आहे, चिया घातलेल्या पेजेचं आहे आणि औषधांतही चिया येतो.

पेज म्हणजे मक्याची. भाजलेल्या मक्याचं पीठ आणि भाजलेल्या चियाचं पीठ एकत्र करून ठेवायचं आणि प्रवासात पाण्यात कालवून प्यायचं. आपला सातू आठवला ना? मलाही तेच आठवलं. उत्तरेकडे चिवावाच्या डोंगरदऱ्यांत राहणारे रारामुरी लोक लांब पल्ल्याचं पळण्यासाठी ओळखले जातात, त्यांच्याकडेही चियाचं पाणी आहे. डोळ्यात कचरा गेला तर पापणीच्या आत चियाचा दाणा ठेवायचा, तो फुगून कचरा आपल्याला चिकटवून बाहेर आणतो, हा जुना उपाय आजींनीही लहानपणी अनुभवला होता. कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासीसुद्धा तिथल्या रानचियाचा असाच उपयोग करत. हा उपाय मी ऐकलेला म्हणून लिहिते, डोळ्यांशी कुणी खेळू नये.

मला सगळ्यात जास्त आवडलेला उपयोग खाण्यातला नाहीच. गेरेरो राज्यातलं ओलिनाला आणि मिचोआकानमधलं उरुआपान इथे लाकडी पेट्या आणि भोपळ्याच्या वाट्यांवर लाखेसारखी चकचकीत रोगणाची कामं होतात. त्या रोगणात चियाचं तेल असतं. तेल आणि रंगीत मातीची पूड यांचे थर हाताने लावून, घासून, पुन्हा लावतात. उरुआपानकडे त्यात एका किड्यापासून काढलेली चरबीही असते. आजींच्या घरात ओलिनालाची एक पेटी होती, लाल जमिनीवर काळी हरणं आणि ससे. झाकण उघडलं की लिनालोए लाकडाचा गोड वास यायचा. तेल रोगण का होतं, तर चियाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-3चा असतो. हवा लागली की ते घट्ट होतं, जवसाच्या तेलासारखं. ज्या गुणासाठी लोक आज पाकिटं विकत घेतात, त्याच गुणामुळे शतकानुशतकं पेट्या चमकल्या. आणि त्याच गुणामुळे चियाचं पीठ उघडं राहिलं तर खवट होतं. म्हणून दाणा अख्खा ठेवा, लागेल तेवढाच दळा.

आता पुन्हा बाबांच्या शेतात. माझी रोपं पाहिल्यावर त्यांनी त्याच रब्बीत एक एकर चिया घातला. वाशीम जिल्ह्यात त्या वेळी चियाची चर्चा सुरू झालेलीच होती. भारतात चियाची सुरुवात कर्नाटकात झाली, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिथल्या शेतकऱ्यांना बियाणं आणि माहिती दिली. बाबांना ओढ मात्र वेगळ्याच कारणाची. "रोही तोंड लावत नाही त्याले. डुकरंबी नाही." ज्याने हरभऱ्याची राखण करत थंडीत मचाणावर रात्री काढल्या आहेत, त्यालाच या वाक्याची किंमत कळेल. चियाच्या पानांत उग्र तेल असतं, जनावरं हुंगून पुढे जातात.

त्यांनी 5 नोव्हेंबरला पेरा केला. माझी सहा फुटांची रोपं डोक्यात घेऊन मी डिसेंबरच्या शेवटी गावी गेले, तर मांडीएवढी रोपं आणि सगळी फुललेली. दिवस आधीच लहान, त्यामुळे रोपाने उंचीत वेळ घालवला नाही. एकराला दीड-दोन किलो बी पुरलं होतं. दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये सातशेच्या वर बसतात, म्हणून बाबांनी बारीक वाळू मिसळून पेरला होता. शेतभर मधमाश्यांचा एकसुरी आवाज. बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "तुळशीचं वावर दिसते." फेब्रुवारीअखेर कापणी झाली. माल विकायला पहिल्या वर्षी धावपळ झाली, शेवटी तिघांनी मिळून मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीत पाठवला. नवीन पिकात हे सोसावं लागतं. भाव दरवर्षी खालीवर होतो, तेव्हा कुणी भावाच्या गोष्टी ऐकून सगळं रान चियाखाली घालू नये, असं बाबा विचारणाऱ्याला सांगतात आणि मीही तेच सांगेन.

गच्चीवर पेरायचा असेल तर मी आता कसा पेरते ते सांगते. पुण्यात दोन वेळा चालतात. जुलैचा पहिला पंधरवडा, आजींचा 'सान हुआननंतर', यात रोप मोठं होतं, त्याला जागा आणि काठी लागते. किंवा ऑक्टोबरचा शेवट, बाबांचा पेरा, यात रोप आटोपशीर राहतं. कुंडीला ही दुसरी वेळ बरी. माती भुसभुशीत, निचऱ्याची. आधी माती पूर्ण भिजवून घ्यायची, मग चिमूटभर बी चमचाभर वाळूत मिसळून भुरभुरायचं आणि वरून मातीचा अगदी पातळ थर, बी जेमतेम झाकेल इतकाच. पहिल्या वेळी मी पेरून झाल्यावर वरून मगाने पाणी ओतलं होतं. सगळं बी वाहत एका कडेला गेलं, तिथे त्याची साय धरली आणि वाळून पापडी झाली. ती पापडी उचलून मोडून पुन्हा पेरावी लागली. तेव्हापासून उगवेपर्यंत फक्त फवारा. तीन ते सहा दिवसांत उगवतं. पहिली दोन पानं गोलसर असतात, मग करवती काठाची खरी पानं. दोन-तीन इंचांची झाली की विरळणी करायची, वीतभर अंतर ठेवायचं. उपटलेली कोवळी रोपं मी कोशिंबिरीत घालते, किंचित तिखट लागतात. पुढे पाणी बेताचं. चियाला तहान चालते, पायात पाणी साचलेलं चालत नाही.

कापणीची वेळ साधणं हेच खरं काम. मंजिरीतलं प्रत्येक बोंड म्हणजे वाळलेला पेला, त्यात जास्तीत जास्त चार दाणे. खालची बोंडं आधी पिकतात, वरची हिरवी असतात. सगळी पिकायची वाट पाहिली तर खालचे दाणे गळून जातात. अर्ध्याहून जास्त मंजिरी तपकिरी झाली की सकाळी दव असताना कापायची आणि जुन्या चादरीवर सावलीत आठवडाभर पसरायची. मग तळहातांत चोळायची. भुसा आणि दाणा यांच्या वजनात फरक इतका कमी, की पाखडताना निम्मा चिया उडून गेला. मी सूप घेऊन बसले आणि सासूबाईंनी ते हातातून घेतलं. गच्चीचा वारा पडायची वाट पाहिली, सूप नेहमीपेक्षा आडवं धरलं आणि मनगटाने नुसते बारीक हिसके दिले. भुसा पुढच्या काठाला सरकत गेला, दाणे मागे ओळीने जमत गेले. राजगिरा असाच पाखडायचा, म्हणाल्या. चारही कुंड्यांचा मिळून 140 ग्रॅम चिया निघाला. पाडव्यापासून वाट पाहिलेला.

त्यातलं अर्धं बी मी काचेच्या बरणीत ठेवलं. पुढच्या चैत्रात सासूबाईंनी गौरीची आरास मांडली तेव्हा दोन मडकी पालथी घातली. एकावर त्यांचा हळीव. दुसऱ्यावर मी चिया लिंपला, बोटाने दाबत, खालपासून वरपर्यंत, जसा आजींनी शिकवला होता. हळीव तिसऱ्या दिवशी उगवला, चिया पाचव्या. सासूबाई रोज सकाळी दोन्हींवर पाणी शिंपडायच्या आणि चियाच्या मडक्याला हात लावून बघायच्या, बी अजून घट्ट बसलंय का. अक्षय्य तृतीयेला मी ग्वादालाहाराला फोन लावला आणि फोन मडक्यासमोर धरला. आजींनी चष्मा चढवला, बराच वेळ पाहिलं आणि तिकडून विचारलं, "माउली रडली का, मिहा?"

मी पन्ह्याचा पेला पडद्यासमोर धरला. म्हटलं, "इथे ती हसते, सेन्योरा. माहेरी आलीय ना."